निसरड्या वाटेवरील मोटार

यवतमाळ जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं. पौषांतील पहांट कितीहि बोचरी असली, तरी तुरीच्या शेतांवर दंव पडतें, नाल्याकांठीं धुई दाटते, आणि दिवस कासराभर वर आला कीं सर्व विरून जातें. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भ-मराठवाड्यांत मोठी गारपीट झाली, तेव्हां गारांचा थर पडून पांढरी झालेली जमीन अनेकांनीं पाहिली. पण तो घटकाभराचा देखावा होता, आणि त्याच्या मागें उरलें तें पिकांचें दुःख. अशा मुलुखांतील श्रोत्यांना बर्फावर मोटार कशी हांकावी हें सांगण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे.

प्रयोजन असें कीं, बर्फ यवतमाळला येत नसला तरी यवतमाळचीं माणसें बर्फाकडे जाऊं लागलीं आहेत. नाताळच्या सुटींत येथील अनेक कुटुंबें सिमला, मनाली अथवा काश्मीर येथें जातात. कोणी आगगाडीनें वा विमानानें अर्धी वाट काटून पुढें भाड्याची मोटार करतात. कोणी घरचीच मोटार घेऊन दीड हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारतात. कित्येक घरांतील मुलगा व सून टोरांटोस किंवा अमेरिकेच्या उत्तर भागांत नोकरीनिमित्त राहतात, आणि तेथें वर्षांतील तीन-चार महिने बर्फांतूनच कामावर ये-जा करावी लागते. शिवाय ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांग खिंडीखालील अटल बोगद्याचें उद्घाटन झालें. सुमारें ९ किलोमीटर लांबीचा हा बोगदा समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. पूर्वीं हिंवाळा लागला कीं रोहतांगची खिंड बर्फानें मिटत असे आणि लाहौलचें खोरें जगापासून तुटत असे. आतां साधी प्रवासी मोटारहि हिंवाळ्यांत त्या खोऱ्यापर्यंत पोहोंचूं शकते. ही मोठी सोय झाली. परंतु त्या सोयीबरोबरच ज्यानें बर्फ कधीं पाहिला नाहीं असा मैदानी चालकहि तेथें पोहोंचला.

तथापि या जिल्ह्यांतील माणूस या विद्येंत अगदींच कोरा आहे असें नव्हे. त्याच्या दारांतच एक कठोर शिक्षक बसलेला आहे, आणि तो म्हणजे काळी माती. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर पसरून दख्खनचा कातळ तयार झाला. तो झिजून ही माती झाली. तिच्यांतील मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज पाणी पिऊन फुगतें. त्यामुळेंच ही माती ओल धरून ठेवते आणि कपाशी पिकविते. आणि त्यामुळेंच मृगाच्या दोन सरी पडतांच गांवाची पांदण साबणासारखी निसरडी होते. टायरच्या खाचा चिखलानें बुजतात, चाक गुळगुळीत होतें, आणि इंजिन कितीहि ओरडलें तरी मोटार जागची हालत नाहीं. किंवा हालली तर जिकडे न्यावयाची तिकडे न जातां कडेच्या चारीकडे सरकते. बंडी हांकणाऱ्या शेतकऱ्याला हें पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ओल्या उतारावर तो कासऱ्याला हिसका देत नाहीं, बैलांना एकाएकीं वळवीत नाहीं, आणि उतार लागण्यापूर्वींच त्यांची चाल मंद करतो. बर्फावरील मोटारीचे नियम याहून फारसे निराळे नाहींत.

याचें कारण समजावयास चाकाखालीं काय घडतें तें पाहिलें पाहिजे. मोटारीचें वजन हजार-बाराशें किलो असलें, तरी तिचा प्रत्येक टायर जमिनीला जेथें टेकतो ती जागा साधारणपणें तळहाताएवढीच असते. चार टायर म्हणजे चार तळहात. मोटारीचें पुढें जाणें, थांबणें आणि वळणें हीं तिन्ही कामें या चार तळहातांच्या पकडीवर चालतात. ही पकड म्हणजे घरांतील महिन्याच्या शिलकेसारखी एकच पुंजी होय. ती सर्वच्या सर्व ब्रेक लावण्यांत खर्च केली तर वळण्यासाठीं कांहीं उरत नाहीं. वळण्यांत खर्च केली तर थांबण्यासाठीं उरत नाहीं. कोरड्या रस्त्यावर पुंजी मोठी असते, म्हणून उधळपट्टी खपते. बर्फावर ती इतकी लहान होते कीं एका वेळीं एकच काम करावें, आणि तेंहि हलक्या हातानें, हा तेथील पहिला नियम ठरतो.

पुंजी किती लहान होते हें शाळेंतील साध्या गणितानें समजतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणक साधारण ०.७ धरतात, चाकांखालीं दडपलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो, आणि कांचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनहि कमी होतो. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार ब्रेक लावल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारें ९ मीटरांत थांबते. तीच दडपलेल्या बर्फावर सुमारें ३१ मीटर आणि गोठलेल्या थरावर सुमारें ६३ मीटर पुढें घसरत जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एखादा सेकंद जातो, त्यांतील ११ मीटर याहून वेगळेच. मात्र हेंच गणित दिलासाहि देतें. वेग निम्मा केला तर थांबण्याचें अंतर निम्में न होतां चौथाई होतें. दडपलेल्या बर्फावर ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार सुमारें ८ मीटरांत थांबते. म्हणजे ४० च्या वेगानें कोरड्या रस्त्यावर जाणाऱ्या मोटारीहूनहि थोडी आधीं. यावरून दिसून येईल कीं, बर्फावरील सर्व युक्त्यांत वेग कमी ठेवणें ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची युक्ति आहे. पुढील मोटारीपासून एरव्हींच्या तिप्पट-चौपट अंतर ठेवावें हेंहि याच गणितांतून निघतें.

आतां प्रत्यक्ष हांकण्याकडे वळूं. थांबलेली मोटार काढतांना पहिल्या गिअरऐवजीं दुसरा गिअर घालून क्लच हळूहळू सोडावा, म्हणजे चाकावर एकदम जोर येत नाहीं. चाक जागच्या जागीं फिरूं लागल्यास ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाहीं. फिरणारें चाक बर्फाला घासून गुळगुळीत करतें आणि स्वतःसाठीं खळगा खणतें. अशा वेळीं पाय उचलावा, चाकें सरळ करावीं, आणि थोडें मागें घेऊन पुन्हां हळूच पुढें यावें. चाकांपुढें पोतें किंवा पायपुसणें टाकणें, कडेची वाळू-माती पसरणें हे उपाय यवतमाळच्या चिखलांत जसे लागू पडतात तसेच तेथेंहि पडतात. उतारावर लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा आणि वेग इंजिनाच्या रोधानें आवरावा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरूं नये. वळणाच्या बाबतींत वेग वळणापूर्वीं, सरळ रस्त्यावरच कमी करावा, आणि वळणांत ब्रेकहि नको व जोरहि नको.

इतकें करूनहि मोटार घसरली तर काय करावें? पुढील चाकें घसरलीं असतां स्टिअरिंग वळविलें तरी मोटार सरळच जाते. अशा वेळीं घाबरून स्टिअरिंग अधिकच फिरविण्याची इच्छा होते; तें करूं नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग किंचित् सैल करावें, आणि चाकांनीं पुन्हां जमीन पकडेपर्यंत धीर धरावा. मागील बाजू घसरूं लागली तर ज्या बाजूस ती जात असेल त्याच बाजूस स्टिअरिंग हळूवार वळवावें आणि नजर जिकडे जावयाचें तिकडे ठेवावी; कारण हात नजरेमागें जातात. ब्रेकविषयीं एक गोष्ट नव्या-जुन्या मोटारींत निराळी आहे. भारतांत २०१९ पासून नव्या मोटारींत चाक जाम होऊं न देणारी ए. बी. एस. नांवाची योजना आवश्यक झाली. अशा मोटारींत ब्रेक घट्ट दाबून धरावा; पायाखालीं धडधड जाणवली तर ती बिघाडाची खूण न समजतां यंत्र आपलें काम करीत आहे असें समजावें. जुन्या मोटारींत मात्र ब्रेक दाबणें व सोडणें हें पायानेंच करावें लागतें. ए. बी. एस. मुळें स्टिअरिंग हातांत राहतें. पण मोकळ्या, भुसभुशीत बर्फावर थांबण्याचें अंतर त्यामुळें कमी होईलच असें नाहीं, उलट कधीं वाढतेंहि.

चार चाकांना जोर देणाऱ्या मोठ्या मोटारींविषयींहि असाच एक गोड गैरसमज आहे. चारहि चाकें ओढीत असल्यामुळें त्या मोटारी निसरड्या चढावर सहज निघतात. परंतु थांबतांना सर्वच मोटारींना चार चाकें असतात. निघणें सोपें झाल्यानें वेग वाढतो, आणि थांबतांना तो वेग वसूल केला जातो.

पकड वाढविण्याचे उपाय दोन: टायर आणि साखळ्या. आपल्याकडील टायरचें रबर उष्ण हवेसाठीं केलेलें असतें. तपमान ७ अंशांखालीं गेलें कीं तें कडक होऊं लागतें. थंड देशांत हिंवाळी टायर निराळे असतात. त्यांचें रबर थंडींतहि मऊ राहतें आणि त्यांच्या नक्षींतील बारीक चिरा बर्फाला धरतात. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत असे टायर २००८ पासून कायद्यानेंच सक्तीचे झाले. तेथें नव्यानें गेलेल्या मुलांनीं खर्चाकडे पाहून पहिल्या हिंवाळ्यांत हे टायर टाळूं नयेत, असें घरच्या वडीलमाणसांनीं त्यांना अवश्य सांगावें. साखळ्यांची कल्पना तर शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेंतील हॅरी वीड नांवाच्या गृहस्थानें चिखल-बर्फांत लोक टायरांना दोर गुंडाळतात हें पाहून साखळ्यांची जाळी योजिली आणि १९०४ मध्यें तिचें पेटंट घेतलें. म्हणजे त्या युक्तीच्या जन्मांतहि चिखल आणि बर्फ हे सोबतीच होते. साखळ्या ज्या चाकांना इंजिन जोर देतें त्यांनाच चढवावयाच्या असतात. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत तीं पुढचीं चाकें होत. त्या मोटार अडकण्यापूर्वीं, सपाट जागीं चढवाव्या, वेग ताशीं ४० च्या आंत ठेवावा, आणि कोरडा रस्ता लागतांच काढून टाकाव्या. मनालीच्या थंडींत बधिर बोटांनीं पहिल्यांदा साखळी उलगडून पाहण्यापेक्षां यवतमाळच्या अंगणांत एकदां चढवून-उतरवून पाहणें शहाणपणाचें.

बर्फ कोठें दबा धरून बसतो हेंहि जाणून घ्यावें. पांढरा बर्फ दिसतो, म्हणून माणूस सावध होतो. खरा घातकी असतो तो रस्त्यावर पातळ गोठलेला पाण्याचा थर. त्याखालचें काळें डांबर दिसत असल्यानें रस्ता नुसता ओला आहे असें वाटतें. डोंगराच्या सावलींतील वळणें, झाडांखालचे पट्टे, बोगद्याचीं तोंडें आणि पूल हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. पुलाला वरून आणि खालून दोहोंकडून थंड वारा लागतो, म्हणून बाकीचा रस्ता ओला असतांनाच पूल गोठतो. दुपारीं उन्हानें वितळलेलें पाणी सायंकाळीं पुन्हां जमतें; म्हणून सकाळीं दहानंतर निघून दुपारीं चारच्या आंत मुक्कामीं परतावें. तपमान शून्याच्या अगदीं जवळ असतांना बर्फ विशेष निसरडा असतो. कडाक्याच्या थंडींतील कोरडा बर्फ त्या मानानें अधिक पकड देतो.

मैदानांतून गेलेल्या मोटारीची प्रकृतिहि तपासावी लागते. इंजिन थंड ठेवण्यासाठीं कित्येक जण नुसतें पाणीच घालतात. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें, आणि त्या जोरानें रेडिएटरच काय, इंजिनाचें ओतीव लोखंडहि तडकूं शकतें. म्हणून न गोठणारें कूलंट योग्य प्रमाणांत असावें. मैदानांत भरलेलें डिझेल कडक थंडींत मेणासारखें दाट होतें. लडाखसाठीं म्हणून इंडियन ऑइलनें नोव्हेंबर २०१९ मध्यें पानिपतच्या कारखान्यांतून खास हिंवाळी डिझेल आणलें तें याच अडचणीवर. रात्रीं मोटार उभी करतांना नुसत्या हातब्रेकवर विसंबूं नये, कारण तो गोठून अडकण्याचा संभव असतो; गिअर घालून चाकांना दगड लावावे. गोठलेल्या कांचेवर उकळतें पाणी ओतूं नये, कांच तडकते. आणि टपावरील बर्फ झाडल्याशिवाय निघूं नये, कारण ब्रेक लावतांच तो पुढच्या कांचेवर येऊन सर्व दिसेनासें होतें.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. मोटार बर्फांत अडकली आणि रात्र पडली तर ऊब मिळावी म्हणून कांचा लावून इंजिन चालू ठेवण्याकडे मनाचा कल असतो. बाहेर बर्फ सांचून धूर सोडणारी नळी बुजली, कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आंत शिरतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. डोकें दुखतें, झापड येते, आणि निजलेला माणूस पुन्हां उठत नाहीं. पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं जानेवारी २०२२ मध्यें बर्फ पाहावयास गेलेल्यांच्या मोटारींची मोठी रांग हिमवादळांत अडकली. ७ तारखेची रात्र उलटून उजाडलें तों वीसाहून अधिक माणसें मोटारींतच मरण पावलेलीं आढळलीं. त्यांत लहान मुलेंहि होतीं. थंडी आणि कोंडलेला विषारी धूर हीं या मृत्यूंचीं कारणें सांगण्यांत आलीं. म्हणून अडकल्यास प्रथम धुराची नळी मोकळी करावी. इंजिन अधूनमधून थोडा वेळच चालवावें. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कांच बोटभर उघडी ठेवावी. आणि नळी मोकळी ठेवणें शक्य नसेल तर इंजिन बंदच करून घोंगड्या-रजयांवर भागवावें. याकरितां मोटारींत पांघरुणें, पाणी, कोरडा फराळ, विजेरी आणि एक लहान फावडें असलेंच पाहिजे. वादळांत मोटार सोडून पायीं निघणें बहुधा अधिक घातक ठरतें.

हे सर्व नियम चालकासाठीं झाले. परंतु मोटारींत चालक एकटा नसतो. त्याच्या मागें बसलेलें कुटुंब हाहि त्या प्रवासांतील एक जोरच आहे, आणि तो कोणत्या दिशेनें लागतो यावर पुष्कळ अवलंबून असतें. “हॉटेलचे पैसे भरले आहेत”, “एवढ्या दूर आलों तें परत जाण्यासाठीं काय”, “पुढची मोटार गेली, मग आपण कां नाहीं” हीं वाक्यें बर्फाहून कमी निसरडीं नाहींत. यवतमाळकरांना हें दूर शोधावयास नको. २८ सप्टेंबर २०२१ रोजीं गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसानें नाले भरून वाहत असतां, उमरखेडजवळ दहागांवच्या पुलावरून पाणी जात होतें. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस. टी. बस त्या पाण्यांत वाहून गेली आणि माणसांचे प्राण गेले. इतकी जड बस जेथें टिकली नाहीं तेथें लहान मोटारीची कथा काय? फूटभर खोल वाहतें पाणीहि लहान मोटारीला उचलूं लागतें, आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊं शकतें. शिवाय पाण्याखालीं रपट्याची कड कोठें संपली, मधला भाग खचला कीं काय, हें वरून दिसत नाहीं. बर्फाचेंहि तसेंच, तो खड्डा, चर आणि दरीची कड एकाच पांढऱ्या पासोडीखालीं झांकतो. दोहोंच्या कांठीं उभ्या राहिलेल्या माणसाला उपयोगी पडणारें ज्ञान एकच, तें म्हणजे थांबण्याचें आणि मागें फिरण्याचें.

मागें फिरण्याचा निर्णय ऐन प्रसंगीं घेणें अवघड जातें, कारण त्या वेळीं चारचौघांत भित्रा ठरण्याची लाज आड येते. म्हणून हा निर्णय घरींच, आदल्या रात्रीं जेवतांना ठरवून टाकावा. चालकानें “आतां परत” म्हटलें कीं कोणी कारण विचारावयाचें नाहीं. आणि गाडींतील वडीलधाऱ्यानें किंवा गृहिणीनें “थांबा” म्हटलें तर चालकानें मान राखावयाचा, असा साधा करार कुटुंबानें करावा. पहाडांतील स्थानिक पोलिस किंवा रस्ता साफ करणारे लोक रस्ता बंद आहे म्हणाले, तर तो बंदच समजावा. त्यांना तो डोंगर वर्षभर दिसतो, पाहुण्याला एकच दिवस. जेथें रस्ता अगदींच कठीण असेल तेथें स्वतःची मोटार खालीं ठेवून साखळ्या चढविलेली स्थानिक माणसाची गाडी करावी. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

आणि ज्यांना थोडा सराव हवा असेल त्यांनीं तो पावसाळ्यांत येथेंच करावा. पहिल्या पावसानंतर मोकळ्या, सपाट मैदानावर, जवळपास माणूस, गुरूं वा झाड नसतांना, ताशीं दहा-पंधराच्या वेगानें ब्रेक लावून पाहावा, हलकें वळण घेऊन पाहावें, आणि चाक जमीन सोडतें त्या क्षणीं हाताला काय जाणवतें तें लक्षांत ठेवावें. जाणत्या चालकाला शेजारीं बसवावें. अर्ध्या तासाच्या अशा अभ्यासानें हात हलका होतो आणि पायाचा उतावळेपणा जातो. मग त्या हातांत स्टिअरिंग उमरखेडच्या वाटेवर असो वा लाहौलच्या, त्याच्या मागें बसलेलीं मुलें सुखरूप घरीं येण्याचा संभव पुष्कळ वाढतो.